झेंडू पांढरा पडला

९ फेब्रुवारी २०२५

झेंडू पांढरा पडलाय!

संध्याकाळच्या एसटीने डिंगोऱ्याहून आले. पिशवी पडवीत टाकली, हातपायही धुतले नाहीत, आधी तेजूच्या खोलीत गेले. दिवा लावला. काचेच्या पेटीत बघते तर हा! डोक्यावर आणि शेपटीच्या मुळाशी थोडं केशरी उरलंय, बाकी सगळा पांढराफटक. मला तर आधी वाटलं माझ्याच डोळ्यांना काही झालं. पदराने काच पुसली. पांढराच.

आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून पौषात माहेरी गेले ती आज आले. जाताना केशरी होता. जरा फिका वाटायचा, पण केशरी. तेजूने नाव उगाच का झेंडू ठेवलं होतं?

हे दारात येऊन उभे राहिले. म्हटलं, काय केलंत माशाला? "काय न्हाय. दानं टाकतोय की रोज," म्हणाले आणि गोठ्यात गेले. बोलायची वेळ आली की ह्या माणसाला नेमका गोठा आठवतो!

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं तर त्या हसायला लागल्या. "झेंडू कसला गं आता, शेवंती म्हन त्याला!" एरवी मलाही हसू आलं असतं.

११ फेब्रुवारी

आत्यांची भुणभुण सकाळपासून सुरू. "खोली कुबट झालीय, पडदा तरी सरकव." नाही सरकवणार. तो पडदा तेजूने ओढलाय. ताप चढला त्या दुपारी म्हणाली, "मम्मी, उजेड टोचतोय गं डोळ्यात." मी उठेपर्यंत तीच उठली आणि ओढला. संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डेंगू. परत आलीच नाही. येत्या भाद्रपदात दोन वर्षं होतील. तिने ओढलेला पडदा मी कशाला उघडू?

तिचे कपडे बहिणीच्या पोरी घेऊन गेल्या. पुस्तकं तिच्या मैत्रिणीला, नूतनला दिली. स्कूटी ह्यांनी विकली, मला न विचारता. तिचं म्हणून श्वास घेणारं ह्या घरात एवढंच राहिलंय.

झेंडू खातो मात्र नीट. हात काचेजवळ नेला की वर येतो. मग पांढरा का पडावा?

१३ फेब्रुवारी

आळेफाट्याला जाऊन आले. शोभेचे मासे विकणाऱ्याने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "फंगस असंल ताई. न्हाय तर नवीन घेऊन टाका की, लई भारी माल आलाय."

नवीन घेऊन टाका! जिभेवर आलं होतं, गिळलं. त्याला काय माहीत. निळं औषध दिलं त्याने बाटलीतून.

१६ फेब्रुवारी

पाणी निळं झालं. मासा पांढराच.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. पोरं शिवनेरीवरून ज्योत घेऊन पळत आली. गावात ढोल, घोषणा. आत्या पाटावर बसून वाट बघत होत्या, मी ओवाळायला बाहेर येईन म्हणून. नाही गेले.

पेटीपुढेच बसून होते. डोक्यावरचं केशरीही फिकं होत चाललंय. तेजू शेवटी अशीच झाली होती. ओठसुद्धा पांढरे. मी तिचे हात चोळत होते आणि हातात काही रंगच येत नव्हता. परत तेच बघायचं का मी?

ह्यांनी ताट आणून ठेवलं समोर. म्हटलं, न्या ते. "दोन घास खा की." म्हटलं, हा गेला ना, तर माझंही काही खरं नाही, सांगून ठेवते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माशाकडे बघितलं. ताट घेऊन गेले.

२२ फेब्रुवारी

लिहिताना दोनदा पेनाचं टोक कागदात घुसलं. रागाने!

दुपारी हे शेतातून लवकर आले. खोलीत आले, खाटेच्या कडेवर टेकले. म्हणाले, "आगं, त्यो झेंडू न्हाईच."

म्हटलं, म्हणजे?

"झेंडू मेला. तू डिंगोऱ्याला व्हतीस तवा. ह्यो मी नारायणगावातनं दुसरा आनला. तसाच केशरी गावला न्हाय. पांढरा गावला."

इतके दिवस मी ह्याच्यासमोर बसून रडले. निळं औषध आणलं. जेवले नाही. आणि हे रोज येऊन बघून जात होते! तोंडातून ब्र नाही!

विचारलं, तेजूच्या माशाचं काय केलंत? मान खाली. "वढ्यात सोडला."

वढ्यात! कचरा टाकतात तिथे! तिच्या हाताचं जिवंत असं शेवटचं, आणि एक फोन करवला नाही. मी एसटी पकडून आले असते. रात्री नसते आले, पण सकाळी आलेच असते. पाहिलं तरी असतं मी त्याला. सगळं बोलले, अगदी सगळं. स्कूटीचंही काढलं. तुम्हाला पोरगी गेल्याचं काही नाहीच, असंही म्हटलं. ते म्हणायला नको होतं. पण म्हटलं.

ते ऐकत बसले. एकदाही उलटून बोलले नाहीत. निदान भांडावं तरी माणसाने!

२३ फेब्रुवारी

तेजूच्या पेटीत उपरा नको मला.

हे विहिरीवर गेल्यावर बादलीत घेतला आणि शेततळ्यात नेऊन ओतला. जा मेल्या, म्हटलं. तळाच्या काळ्या प्लास्टिकच्या कागदावर थोडा वेळ पांढरा दिसला, मग गेला खोल.

पेटी धुऊन पालथी घातली. घरात सांगितलं, दिला एकाला. आत्यांनी विचारलं कुणाला, मी म्हटलं तुम्हाला काय करायचंय. ह्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "बरं केलंस."

बरं केलंस!

२ मार्च

ह्यांच्याशी बोलत नाही.

८ मार्च

अजून नाही. म्हटलं, आत्या, त्यांना सांगा चहा झालाय. आत्या म्हणाल्या, "माज्या म्हातारीच्या तोंडाचा भोंगा केलाय दोघांनी! त्यो फुड्यातच बसलाय, डोळं हायेत न्हवं तुला?" हे उठले आणि स्वतःच्या हाताने चहा गाळून घेतला. निम्मा सांडला. ओटा मीच पुसला.

१३ मार्च

होळी. पोळ्या केल्या. तेजूला पोळी नको असायची, नुसती कटाची आमटी प्यायची वाटी वाटी. आमटी उरली. गुरांच्या पाण्यात ओतली.

२१ मार्च

तळ्यात शेवाळ माजलंय. ठिबकच्या नळ्या रोज तुंबतात. ऊन काय पडतंय! टोमॅटोची दोन-दोन सऱ्या रोपं दुपारी माना टाकतात. हे तोंडाने नळ्या फुंकत बसतात एकेक. दरवर्षी पाडव्याच्या आधी मोरचूद टाकून मोकळे होतात, यंदा नुसतं "बघू". ह्यांचं कशातच लक्ष नाही. पायरीवर बसलेले दिसतात, हातात पान्हा, आणि बघतात भलतीकडेच.

न राहवून आज मीच बोलले. महिन्यानंतरचं पहिलं वाक्य: "मोरचूद टाका तळ्यात, नाहीतर टोमॅटो सोडा." इतकंच. ह्यांचा चेहरा उजळला, मी बोलले म्हणून! "टाकतो की. पाडवा झाला की टाकतो," म्हणाले. मला अजूनच राग आला.

मोरचुदाने शेवाळ मरतं, तसे मासेही मरतात. मला माहीत आहे. माहीत असून सांगितलं. कुणाचा कोण तो! आला होता तसा जाईल.

२६ मार्च

मोटार चालू करायला गेले होते. बांधावर उभी राहिले तर कडेला शेवाळ हललं आणि तो वर आला. जिवंत आहे अजून! माझ्याकडे तोंड करून उघडझाप, उघडझाप. दाणे मागत होता. झेंडू असंच करायचा. मला वाटलं सगळेच करत असतील.

पाय आपटला. पळाला.

घरी येऊन भाकरी थापता थापता रडले. आत्या म्हणाल्या धूर झालाय. गॅसवर कसला धूर! पण त्या तेवढंच म्हणाल्या आणि माझ्या हातातली परात घेतली. नव्वदीच्या बाईने सहा भाकरी थापल्या.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. आत्या माझ्या जावेबरोबर मंचरला लेकीकडे गेल्या, चार दिवस. घरात दोघंच. कोण कुणाशी काय बोलणार?

३१ मार्च

आज सगळं नीट लिहायचंय. जमेल का माहीत नाही.

सकाळी ह्यांनी गोणपाटात मोरचूद बांधलं, दोरीने तळ्यात सोडलं, दोन चकरा ओढत फिरवलं आणि दोरी बांधाच्या खुंटीला बांधून ठेवली. मी गोठ्याच्या दारातून बघत होते. मग हे गाय बघायला बेल्ह्याच्या बाजाराला गेले.

अकराच्या सुमाराला नूतन आली. तेजूची मैत्रीण. नारायणगावला दोघी एका खोलीत राहायच्या, कॉलेजला. आता वर आंबेगावच्या डोंगरात आश्रमशाळेत शिकवते. ईदची सुट्टी होती म्हणून आली. किती दिवसांनी! तेजू गेल्यावर दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा उंबऱ्यातच रडून परत गेली. आज आत आली. पाणी प्यायली. आणि म्हणाली, "काकू, झेंडू कुठंय? बघू तरी म्हाताऱ्याला."

म्हटलं, तो मेला गं. काकांनी दुसरा आणला होता, पांढरा. तो मी दिला.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "पांढरा? पूर्ण पांढरा?"

म्हटलं, डोक्यावर थोडं केशरी होतं. तेही चाललं होतं.

"काकू, आओ, तो झेंडूच आसंल की!"

मी म्हटलं काहीतरीच काय. तर तिने मोबाईल काढला. पहिला फोटो, खिडकीत बरणी आणि बरणीत एक बारकासा काळा मासा. "हा बघा झेंडू. आमी आणला तेव्हा असा व्हता. काळाकुट्ट! मी तेजूला म्हटलं पण, सोन्याचा मासा म्हणून कोळसा आणलास." दुसरा फोटो, तपकिरी. तिसरा, पोट केशरी, पाठ काळी. चौथ्यात सगळा केशरी, झेंडूसारखा. तेव्हाच तेजू त्याला घरी घेऊन आली होती. मी बघितला तो हाच. आधीचा मला ठाऊकच नव्हता.

नूतन शाळेतल्या पोरांना सांगतात तसं सावकाश सांगत होती. ह्या माशांच्या कातडीत रंगाचे कण असतात म्हणे. लहानपणी काळे जास्त. मोठा होताना काळे जातात, मग केशरी दिसायला लागतो. पुढे वय झालं की कुणाकुणाचे केशरीही जातात, मासा पांढरा होतो. एखाद्या महिन्यातसुद्धा होतो. आजार नाही काही. नुसतं वय. "आणि ऊन नसलं ना काकू, की फार लवकर फिका पडतो. तुमी कुठं ठेवला व्हता त्याला?"

ती खोलीच्या दाराकडे बघत होती. आत दिवसाही अंधार.

मग तिने फोटो मोठा केला. "हे बघा, शेपटीचं खालचं टोक तुटकं. दुकानातच दुसऱ्या माशाने खाल्लं व्हतं. त्या पांढऱ्याचं कसं व्हतं?"

तुटकं होतं. तुटकंच होतं! मी रोज बघत होते. पण ह्यांनी दुसरा आहे म्हटल्यावर मी परत एकदाही नीट पाहिलं नाही त्याच्याकडे.

मी उठले आणि पळाले. चप्पल नाही, काही नाही. नूतन मागून ओरडत होती, काकू काय झालं. बांधावर जाऊन दोरी ओढली, गोणपाट बाहेर काढलं. पाणी निळसर झालं होतं. तळ्याचा कागद शेवाळाने निसरडा, नूतनने मला कमरेला धरून ठेवलं नाहीतर मी उतरलेच असते. दुपारभर दोघी बांधावरून फिरलो. भाकरीचा चुरा टाकला. झेंडू, झेंडू, हाका मारल्या. माशाला कधी हाका ऐकू येतात का! पण मारल्या.

नाही आला वर.

नूतनला सगळं सांगितलं. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. संध्याकाळी जाताना म्हणाली, "काकू, कुणाला काय सांगू नका. माझ्याकडूनबी कुणाला कळायचं न्हाई." हे आले तेव्हा अंधार पडला होता. गाय आवडली नाही म्हणाले. मी मान हलवली.

१ एप्रिल

सापडला. पूर्वेच्या कोपऱ्यात, शेवाळात. पोट वर.

हे टोमॅटोत होते. फडक्यात गुंडाळून बांधापलीकडे शेवग्याखाली पुरला. हातात घेतला तेव्हा पाठीवर, उन्हात, पुसट केशरी दिसत होतं. म्हणजे परत येत होतं का काय? की मलाच वाटलं? नूतनला विचारायचं धाडस नाही.

उजेड मी बंद केला त्याचा. आणि उजेडात नेऊन टाकला तेव्हा विष घालायलाही मीच लावलं. ह्यांना काय म्हणू मी?

गोणपाट परत पाण्यात सोडलं. टोमॅटो तरी जगू देत.

पण ह्यांनी खोटं का सांगितलं? झेंडू जिवंत असताना मेला का म्हणाले? माझ्यावर कसला सूड? हे विचारल्याशिवाय मला झोप नाही. आणि मग सांगणार आहे त्यांना, तुमच्या एका खोट्यापायी काय झालं ते. शेवग्याखाली नेऊन दाखवणार आहे.

२ एप्रिल

विचारलं.

हे नळ्या धूत बसले होते हौदावर. समोर उभी राहिले आणि म्हटलं, तो झेंडूच होता. खोटं का बोललात?

हातातली नळी तशीच. पाणी पायावर पडत होतं. "कुनी सांगितलं?"

म्हटलं, नूतन आली होती परवा. वय झालं की हे मासे पांढरे होतात. तो झेंडूच होता आणि तुम्हाला ते माहीत होतं. बोला.

मला वाटलं आता गोठ्यात जातील. नाही गेले. खाली बघतच बोलले. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, इतकं सलग बोललेले मी ऐकले नाहीत.

"त्यो पांढरा पडाया लागला तवा मला आपली तेजूच दिसाया लागली. दवाखान्यातली. तू व्हतीस डिंगोऱ्याला, मी एकलाच बघत व्हतो रोज. मग तू आलीस. जेवंना, झोपंना. त्याच्याम्होरंच बसून. म्हनलीस, ह्यो गेला तर माजं काय खरं न्हाय. मला वाटलं त्यो आता जातुयच, दोन दिसांत न्हाय तर चार. पोरीचा मासा हिच्या डोळ्याम्होरं मेला तर ही बी जाईल. म्हनून म्हनलं, झेंडू मेला आधीच, ह्यो दुसराच. दुसरा मेला तर तू रडायची न्हाईस. मला शिव्या देशील. दे की. शिव्यांनी काय मानूस मरत न्हाय."

मी हौदाच्या कडेवर बसले.

"तू देऊन टाकलास त्याला, तवा सुटलो म्हनलं. हितं तरी मरायचा न्हाय."

मग एकदम वर बघितलं. "म्हंजी... आजारी नव्हताच त्यो?"

म्हटलं, नाही.

"नुस्ता म्हातारा झाला व्हता?"

म्हटलं, हो.

आणि हसले! तेजू गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावरून ओला हात फिरवला आणि हसतच राहिले, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. "आयला! डोस्कं पिकलं म्हनायचं त्याचं, माज्यावानी! आन् मी रोज सकाळी उठून आधी त्याचा सास बघायचो राव!"

सांगायलाच गेले होते मी. शेवगा तिथून दिसत होता. ह्यांच्या बोटांच्या पेरांना मोरचुदाचा निळा रंग अजून होता. मी तोंड उघडलं, मिटलं. नळी धरू लागले.

३ एप्रिल

सकाळी चहा पिताना ह्यांनी विचारलं, "मग कुनाला दिलास त्यो? आनायचा का परत?"

म्हटलं, नूतनला. फाट्यावर भेटली होती तेव्हा. तेच तर सांगायला आली होती ती. शाळेत मोठी टाकी आहे, उन्हात. पोरं दाणे टाकतात. मजेत आहे.

"ऱ्हाऊ दे मग तितंच," म्हणाले, आणि चहात बुडवायला अजून एक भाकरी मागून घेतली.